परत बोलावलेली गाडी

जेवणाच्या सुट्टीत, औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, राईच्या पावावर लोणी पसरता पसरता हेल्काने स्नोमोबाईलचा, म्हणजे बर्फावरच्या गाडीचा, सतरा अक्षरांचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. सहजच. गाडी घ्यायचं ठरल्यातच जमा होतं, शनिवारी ती बाबांकडे न्यायची होती, ट्रेलरही सांगून ठेवला होता. विकणारा, आर्वी केंटाला नावाचा माणूस, शाळेत सुतारकाम शिकवायचा. फोनवर तो इतका सावकाश आणि अदबीने बोलला होता, की त्याच्या स्नोमोबाईलचा चासी नंबर तपासून बघणं म्हणजे त्याचा अपमान करणं, असं तिला कालपर्यंत वाटत होतं. घास तोंडात तसाच ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं. तीन ओळी आल्या होत्या. कंपनीने ही गाडी तीनदा परत बोलावली होती. एकदा, थंडीत अंगठ्याने दाबायची एक्सलरेटरची खटकी गोठून अडकू शकते म्हणून. अंगठा काढला तरी इंजिन ओढत राहतं. एकदा पेट्रोलच्या नळीसाठी. एकदा हँडलखालच्या बोल्टसाठी. तिन्हींपुढे लाल अक्षरांत एकच शेरा होता. काम झालेले नाही. दुरुस्ती होईपर्यंत वाहन वापरू नये.

राग यायला हवा होता. तो आला नाही. तिने दचकून पटकन पान बंद केलं, जणू मागून कुणी येऊन वाचेल. बाहेर काउंटरपाशी एक म्हातारी खोकत होती. फसवला गेलेला माणूस असा दचकत नाही, हेल्काच्या मनात आलं. असा दचकतो तो पकडला गेलेला माणूस. हा विचार कुठून आला हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिने तो पुढे जाऊ दिला नाही. राहिलेला पाव कागदात गुंडाळला, हात धुतले आणि दुरुस्तीच्या दुकानाला फोन लावला.

"सुटा भाग मागवावा लागेल," पलीकडचा माणूस म्हणाला. "तीन आठवडे धरा."

"तीन आठवड्यांनी बर्फ राहील का?"

"इथे रोवानिएमीत नाही राहणार. तुम्हाला कुठे चालवायचीय?"

"इनारीच्या तळ्यावर."

"मग तर अजिबातच थांबू नका," तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, चालवूही नका."

एप्रिलचा शेवट होता. अजून दोन आठवडे तळ्यावरचा बर्फ माणसाला आणि गाडीला पेलणार, मग महिनाभर तो ना चालण्याजोगा ना होडी घालण्याजोगा. बाबा पलीकडच्या भूशिरावर एकटे, एकोणऐंशी वर्षांचे. मार्चमध्ये त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं. तेव्हापासून ते मागे घसरगाडी ओढत अकरा किलोमीटर बर्फ पायी तुडवून गावात यायचे, पीठ, कॉफी आणि गॅसची टाकी घेऊन परत जायचे. तिचा धाकटा भाऊ इल्पो गावातच राहत होता, त्याच्याकडे स्वतःची गाडी होती, ती धड चालतही होती. पण इल्पोने सामान पोचवलेलं बाबांना चालत नसे. "तो वाटेत काहीतरी करून ठेवेल," ते फोनवर म्हणायचे, "तू आण एखादी." आणि हेल्का, शेहेचाळीस वर्षांची, तीनशे किलोमीटरवर शहरात राहणारी, बाबांची शहाणी मुलगी, म्हणायची, "आणते, बाबा."

संध्याकाळी सहाला ती आर्वी केंटालाच्या अंगणात उभी राहिली तेव्हा दुपारसारखं ऊन होतं आणि छपरांवरून पाण्याची धार लागली होती. गाडी काळी-पिवळी, पुसून लख्ख केलेली. आर्वीने कॉफीचा थर्मास आणि वेलचीचे पाव बाकावर मांडून ठेवले होते. उंच, किंचित वाकलेला माणूस. बोलताना तो गाडीवर हात ठेवायचा, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. तो गाडीखालच्या रबरी पट्ट्याबद्दल बोलला, बॅटरीबद्दल बोलला, बसायच्या जागेला दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने स्वतः कातडं घातलं होतं त्याबद्दल बोलला. हेल्का ऐकत होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो न बोललेला भाग त्या बोलण्यात नेमका कुठे आहे, हे तिला दिसत होतं. प्रत्येक वेळी त्याचा हात हँडलच्या उजव्या मुठीपर्यंत यायचा आणि तिथून मागे वळायचा.

"नंबर टाकून पाहिला मी," ती म्हणाली.

आर्वीने कप खाली ठेवला. "हं."

"तीन आहेत."

"पत्रं आली होती," तो म्हणाला. "एक तर बायको होती तेव्हाच आलं. ठेवलं कपाटात. हल्ली काय, सगळंच परत बोलावतात. माझा टोस्टर परत बोलावला होता." तो हसला, पण ती हसली नाही. मग हलक्या आवाजात म्हणाला, "चार हिवाळे चालवलीय मी. कडक थंडीत एकदोनदा अंगठा सोडल्यावरही थोडी पळाली. इथे, मुठीच्या बुडाशी, जोरात एक चापट मारायची, की सुटते. माझं काही झालं नाही."

"पण सांगितलं नाहीत तुम्ही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

हे तो खरं बोलत होता, हेल्काला कळलं. विचारलं असतं तर त्याने नक्की सांगितलं असतं. आणि नेमक्या त्याच वाक्याने तिच्या हातातली सगळी ताकद गेली. तिने म्हणायला हवं होतं, नको मला तुमची गाडी. तो मान डोलावून कप उचलणार होता, संपलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने एकोणतीस वर्षं आरशात पाहिलं होतं. लबाडी नव्हती ती. लबाड माणसं इतकी थकलेली दिसत नाहीत. ते होतं नुसतं वाट बघणं: कुणी विचारतंय का, कुणी विचारतंय का, आणि न विचारता एकेक वर्ष निघून गेल्याची लाजिरवाणी सुटका. त्या माणसावर बोट रोखणं तिला जमेना. तिने ठरलेले पैसे दिले. स्वतःला सांगितलं, की दोनच दिवस, मीच चालवीन, हळू चालवीन, गॅस आणि पीठ पोचवून गाडी परत आणून दुरुस्तीला टाकीन. आर्वीने ट्रेलरवर गाडी चढवायला मदत केली, पट्टे दोनदा तपासले. निघताना उरलेले पाव पिशवीत घालून दिले आणि म्हणाला, "ती लाल दोरी तेवढी अंगाला लावत जा हं. विसरू नका." एक टोक गाडीच्या बटणावर, दुसरं अंगातल्या कोटाला, माणूस फेकला गेला तर दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. त्याला काळजी होती, खरी काळजी.

शनिवारी पहाटे मोटारीला ट्रेलर जोडून ती उत्तरेला चालली. रस्ता कोरडा होता, कडेला बर्फाच्या मळकट भिंती, आणि ट्रेलर मागे ठकठकत होता. दर ठकठकीला तिला मागे कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. फोनवर तिने बाबांना सांगितलं होतं, "गाडी चांगली आहे." बाबांनी विचारलं, "बघून घेतलीस ना?" आणि ती म्हणाली, "हो." तेही खरंच होतं. बघूनच घेतली होती. सोदानक्युला गावाच्या पुढे झाडं खुरटी झाली आणि ऊन पांढरंफेक. मग इतका वेळ दाबून धरलेलं ते सगळं न बोलावता येऊन बसलं: स्वयंपाकघराची खिडकी, काचेच्या कडांवर बर्फाचं जाळं, तिच्या हातात कपभर कॉफी, वय सतरा. आदल्या रात्री ती बाबांना न सांगता त्यांची स्नोमोबाईल घेऊन गावातल्या नाचाला गेली होती. परत येताना होडीच्या धक्क्यापाशी तिने ब्रेक दाबला तर ब्रेकची दांडी मुठीला जाऊन टेकली, सैल, मेल्यासारखी. ती सरळ बर्फाच्या ढिगात घुसली. काही लागलं नाही. गाडी होती तिथे नेऊन उभी केली, वर आच्छादन ओढलं. सकाळी ब्रेकबद्दल सांगायचं म्हणजे नाचाबद्दल सांगावं लागणार होतं. पेक्का नावाच्या एका मुलाबद्दल सांगावं लागणार होतं, ज्याचा आता चेहराही तिला नीट आठवत नव्हता. आणि बाबांनी इल्पोला टपाल आणायला धाडलं. इल्पो पंधरा वर्षांचा होता. त्याने आच्छादन काढलं, हातमोज्याने बैठक पुसली, वर बघून खिडकीतल्या तिला हात केला. तिनेही हात केला. तिला वाटलं, हळू जाईल तो. तिला वाटलं, निघताना एकदा ब्रेक दाबून बघेलच. खिडकीला एक लहानसा झरोका होता, हवेसाठी, त्याची कडी तिने धरली होती. कडीचा गारवा आजही तिच्या बोटांना आठवत होता.

तो धक्क्याजवळच्या खडकावर आदळला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, डावा पाय तीन सेंटीमीटर आखूड झाला. बाबा त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि चार दिवसांनी एकटे परत आले. "माकडासारखा चालवत होता," एवढंच आईला म्हणाले. गाडीचा इतका चुराडा झाला होता की ब्रेक कोणी बघायचा प्रश्नच नव्हता. इल्पो घरी आला तेव्हा त्यानेही कधी ब्रेकचं नाव काढलं नाही. हेल्काने त्यावर आपलं सगळं आयुष्य टेकवलं होतं: त्यालाच वाटतंय, की चूक त्याची होती, मग कदाचित खरंच तो जोरात गेला असेल. पण त्यानंतर बाबांनी त्याच्या हाती काही चालवायला दिलं नाही. होडीचं इंजिन नाही, करवत नाही. आईला छातीत दुखायला लागलं त्या हिवाळ्यात इल्पो तिशीचा होता, अंगणातच उभा होता, कोट घालून, किल्ली मागत. बाबा म्हणाले, शेजारचा येईल. शेजारचा यायला पाऊण तास लागला. आई त्यातून वाचली, नंतर सहा वर्षं जगली. पण तो पाऊण तास इल्पो अंगणात फेऱ्या मारत होता, लंगडत, आणि त्याच्या आखूड पायाच्या बुटाने बर्फात एक खोल चर पडला होता. सुट्टीला आलेली हेल्का तेव्हाही खिडकीतच होती.

इनारीत तळ्याच्या काठी इल्पो तिची वाट बघत होता. शेजारी त्याची स्वतःची गाडी, टेपने चिकटवलेल्या काचेची. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. "अरे वा, राणीसाहेब आल्या," तो म्हणाला. "मला वाटलं ड्रायव्हर ठेवला असशील."

"ठेवला असता, पण सगळे तुझ्यासारखे तोंडाळ निघाले."

दोघांनी मिळून गाडी उतरवली, मागच्या घसरगाडीवर सामान बांधलं. इल्पोने काळ्या-पिवळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, शीळ घातली. "माल आहे गं. दे, ही मी नेतो. तू माझी म्हातारी घे, ती मवाळ आहे." आणि तिने काही म्हणायच्या आत तो बसला. हातमोज्याने बैठकीवरचं पाणी त्याने झटकलं. किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं, छान, गुळगुळीत. त्याने तिच्याकडे बघून हसत हात केला.

हेल्का दोन पावलं पुढे झाली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अडकते ही, इल्पो, खटकी अडकते. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं येणार होतं आणि त्याच्या मागे तिसरं, आणि ती सगळी मिळून एकोणतीस वर्षं रुंद होती. तिने त्याची बाही पकडली. "उतर," ती म्हणाली. "उतर. मी नेणार."

"नेतो की. काय मोडणार आहे का?"

"उतर म्हटलं ना!"

तो तिच्याकडे बघत राहिला. हसू हळूहळू गेलं. इंजिन बंद करून तो उतरला, चांगला पाय आधी, मग दुसरा. "तू पण?" तो म्हणाला. "ठीक आहे. मला वाटायचं, ते फक्त बाबांचं." आणि आपल्या गाडीवर जाऊन बसला, पाठ करून. आता सांग, हेल्का स्वतःला म्हणत होती, आता, आत्ता. पण आता सांगणं म्हणजे आधीपेक्षा कठीण झालं होतं. तिने लाल दोरी कोटाला अडकवली आणि निघाली.

पहिले सात-आठ किलोमीटर काही झालं नाही. बर्फ वरून दाणेदार, ओलसर, उन्हात डोळे दुखत होते. ती अंगठा जेमतेम टेकवून चालली होती आणि दर थोड्या वेळाने खटकी सोडून बघत होती. सुटायची, गाडी मंदावायची, ती श्वास सोडायची. मागे बऱ्याच अंतरावर इल्पो. काल सबंध दिवस ऊन, रात्री गोठण, आज पुन्हा ऊन. ओलावा आत गेला असेल, मुठीत, तारेत, हे ती समजत होती, आणि समजत असूनच चालली होती. दोन बेटांच्या मधल्या अरुंद जागेत प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो. तिथे बाबांनी दर वर्षीप्रमाणे सूचीपर्णी झाडांच्या फांद्या रोवून वाट वळवली होती. फांद्यांच्या पलीकडे बर्फ करडा दिसत होता आणि मधोमध पाण्याचा एक काळा डाग. वळणाआधी तिने अंगठा काढला.

गाडी मंदावली नाही.

आधी तिला वाटलं, आपलाच अंगठा राहिलाय. तिने खाली बघितलं. अंगठा हवेत होता, खटकी आत दबलेली, कुणी अदृश्य माणसाने धरून ठेवल्यासारखी. तिने मुठीच्या बुडाशी चापट मारली. पुन्हा मारली. ब्रेक दाबला, रबर जळल्याचा वास आला, गाडी थरथरली, पण ओढत राहिली, आणि मागची सामानाची घसरगाडी तिला ढकलत राहिली. फांद्या जवळ येत होत्या. एक फांदी पुढच्या स्कीखाली गेली, कडकन मोडली. तिने लाल दोरीला हात घातला, पण जाड मोज्यात ती सापडेना. मोजा दाताने ओढून काढला, उघड्या हाताने दोरी धरली आणि अख्खं अंग मागे टाकून खेचली.

इतकी शांतता झाली की पट्ट्याखालून पाणी पाझरल्याचा आवाज तिला ऐकू आला. काळा डाग पंधरा पावलांवर होता. बर्फावर बोटभर पाणी साचलं होतं. ती उतरली नाही. उतरायची हिंमतच झाली नाही. इल्पो लांबच थांबला होता. तो पोटावर सरपटत आला, दोराचं टोक हातात, ते घसरगाडीच्या मागच्या कडीला अडकवलं आणि ओरडला, "सरळ मागे ये, माझ्या खुणेवरून. उठू नकोस." ती ओणवी होऊन रांगत गेली. मग त्याने आपली म्हातारी चालू करून अगदी सावकाश, झटका न देता, गाडी आणि सामान पक्क्या बर्फावर ओढून घेतलं. ते सगळं त्याने इतकं अचूक केलं की हेल्का बघतच राहिली. याच्या हाती बाबांनी एकोणतीस वर्षं काही चालवायला दिलं नव्हतं.

त्याने झाकण उघडलं, मूठ सोलून काढली, आत बोट घातलं. "गोठलंय," तो म्हणाला. मग मान वर केली. "तुला हे माहीत होतं."

"हो."

"म्हणून मला उतरवलंस."

"हो." तिचे दात वाजत होते. "त्या वेळी नाही उतरवलं."

"कुठल्या?"

"टपालाच्या. ब्रेक गेलेला होता, इल्पो. आदल्या रात्री मी नेली होती गाडी. मला माहीत होतं. मी खिडकीत होते, आणि मला माहीत होतं."

इल्पोने मूठ पुन्हा बसवली. स्क्रू एकेक करून आवळले, शेवटचा जरा जास्तच. झाकण लावलं. त्याचा चेहरा तिला दिसेना, कारण सूर्य त्याच्या मागे होता. मग तो म्हणाला, "बस मागे," आणि ती त्याच्या मागे बसली. राहिलेले तीन किलोमीटर त्याच्या कोटाला धरून गेली. तिला त्याच्या पाठीतून श्वास कळत होता, आखूड, तुटक. तो रडतोय की थंडीने होतंय, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

बाबा अंगणात सरपणापाशी उभे होते, डोक्यावर कानटोपी, कुऱ्हाड ओंडक्यात रुतवलेली. एका गाडीमागे दोराने बांधलेली दुसरी येताना बघून त्यांनी मान हलवली. ते हलवणं जुनं होतं, त्यात विचार काही नव्हता.

"मोडलीच का?" ते म्हणाले. "नवी गाडी. काय केलं त्याने?"

"त्याने नाही," हेल्का म्हणाली. "मी घेतली तेव्हाच ती बिघडलेली होती. मला माहीत होतं, तरी घेतली. त्याने मला बर्फातून काढलं." आवाज फाटत होता, पण थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. "आणि त्या वेळीही त्याने काही केलं नव्हतं, बाबा. पाय मोडला तेव्हा. ब्रेक मेलेला होता. आदल्या रात्री मी गाडी नाचाला नेली होती, चोरून. मी सांगितलं नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. एकोणतीस वर्षांचं अंतर त्यांना चालत मागे जावं लागत असावं. छपरावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडला. मग ते इल्पोकडे वळले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, नुसता गोंधळलेला, म्हाताऱ्या माणसाचा.

"मग तू तेव्हाच का नाही बोललास?"

इल्पो दोर सोडवत होता. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. तो खाली वाकलेलाच राहिला.

"बोललो होतो, बाबा," तो म्हणाला. "दवाखान्यात. पहिल्या दिवशी बोललो, दुसऱ्या दिवशी बोललो. ब्रेक लागला नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, खोटं बोलायचं असेल तर घरी येऊ नकोस."

हेल्काने ते पहिल्यांदाच ऐकलं. बाबांनी मात्र ते आधी ऐकलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी आधाराला ओंडक्यावर हात टेकला, मग हळूहळू खाली, बर्फातच, बसले. इल्पोची गाठ सुटली. पण तो सरळ झाला नाही. दोराची मोकळी टोकं दोन्ही हातांत धरून तसाच वाकून उभा राहिला, आणि तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याकडे बघता येईना.